सड्यापासून सुकतीपर्यंत: किनाऱ्यावरच्या एका गावाचा परिसर-अभ्यास कसा करावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच किनारी गावांची ठेवण सारखी असते. वर कातळाचा उघडा सडा. त्याखाली आंबा-काजूच्या बागांचा उतार आणि उतारावरून पावसाळ्यात धावणारा पऱ्या, म्हणजे ओढा. पऱ्या खाडीला मिळतो तिथे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, आणि कांदळवन. त्यापुढे कुठे पुळण (वाळूचा किनारा), कुठे खडप (खडकाळ किनारा), आणि मग समुद्र. काही गावांत हे सगळं अंतर पायी तासाभराचं आहे. सड्यावर पडलेलं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत विहिरींना आणि पऱ्याला मिळतं, खाडीत जातं, तिथला खारटपणा बदलतं आणि शेवटी कालवं वाढतात त्या खडकांपर्यंत पोचतं. अभ्यास मात्र तुकड्यातुकड्यांनी होतो. वनस्पती पाहणारे सड्यावरून परत फिरतात आणि समुद्री जीव पाहणारे थेट किनाऱ्यावर उतरतात.

ही सगळी पट्टी एकाच रेघेवर, वर्षभर कशी अभ्यासायची, ते इथे सांगतो. महाविद्यालयातले विद्यार्थी, शिक्षक, निसर्गमंडळं, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती, यांपैकी कोणीही हे करू शकतं. महागडं काही लागत नाही. लागते ती शिस्त, आणि तिचा हेतू एकच: आज तुम्ही जे मोजलं, ते पंचवीस वर्षांनी दुसऱ्या कोणालातरी त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजता आलं पाहिजे.

हे नुसतं म्हणायला नाही. कॅलिफोर्नियात जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटी परिसरातले प्राणी नोंदवले. कुठे सापळे लावले, किती लावले, त्या दिवशी हवा कशी होती, सगळं तपशिलात लिहून ठेवलं. २००३ पासून त्याच जागा पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा छोट्या सस्तन प्राण्यांच्या २८ जातींपैकी सुमारे निम्म्यांच्या अधिवासाची सीमा सरासरी ५०० मीटर वर सरकल्याचं दिसलं. हवामानबदलाचा हा पुरावा शंभर वर्षांपूर्वीच्या वह्यांमुळे हाती आला. आपल्या सड्यांसाठी आणि खडपांसाठी अशा वह्या फार थोड्या आहेत.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा आणि तो लहान ठेवा

‘गावाची जैवविविधता अभ्यासायची’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. प्रश्न असा हवा की उत्तर मोजून देता येईल. उदाहरणार्थ: गुरं चरतात त्या सड्यावर आणि चरत नाहीत त्या सड्यावर पावसाळी फुलझाडांच्या जाती सारख्याच आहेत का? पऱ्याच्या मुखाजवळच्या खडकांवर आणि तिथून अर्धा किलोमीटर लांबच्या खडकांवर कालवांचं प्रमाण वेगळं आहे का? पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी पुन्हा खारट व्हायला किती आठवडे लागतात?

असे दोन प्रश्न घ्या, फार तर तीन. प्रश्नावरून कुठे, कधी आणि किती वेळा मोजायचं ते ठरतं. आधी माहिती गोळा करायची आणि मग प्रश्न शोधायचा, ही वाट बहुतेक वेळा अडकते, कारण तुलनेसाठी लागणारी दुसरी जागा मोजायची राहून गेलेली असते.

दुसरी पायरी: माणसांना भेटा, मग परवानग्या

सडा ओसाड दिसला तरी बेवारस नसतो. कोकणातले बरेचसे सडे खाजगी किंवा सामाईक मालकीचे आहेत आणि एकेका सातबाऱ्यावर कितीतरी नावं असतात. आधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटा, ग्रामपंचायतीला पत्र द्या, ज्यांची जमीन आहे त्यांना घरी जाऊन सांगा. काय करणार, काय नेणार नाही, माहिती कोणाला देणार, हे स्पष्ट सांगा. कोकणात जमिनीचे व्यवहार आणि प्रकल्प यांवरून लोक पोळलेले आहेत. हातात टेप आणि जीपीएस घेतलेला अनोळखी माणूस दिसला की मोजणी कशाची, ही शंका येते आणि ती रास्त आहे.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालून आणायचा नाही. कांदळवनाच्या बऱ्याच जमिनी राखीव वन म्हणून घोषित आहेत, तिथे वनविभागाची परवानगी घ्या. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याच्या हद्दीत कामासाठीही तसंच. कोणताही जिवंत नमुना घ्यायचा असेल तर लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. या लेखातलं जवळजवळ सगळं काम नमुना न घेता, फोटो आणि मोजणी यांवर होतं. होडीने जाणार असाल किंवा पहाटे-रात्री किनाऱ्यावर असणार असाल तर सागरी पोलीस ठाण्याला कळवून ठेवा.

आणि ज्या बाया सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवं काढायला खडपात जातात, त्यांच्याबरोबर एक दिवस नुसतं जा. कुठला खडक निसरडा, कुठल्या घळीत पाणी मागून भरतं, कालवं कुठे कमी झाली आणि कधीपासून, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही नकाशात नसतं. त्यांच्या संमतीने त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

तिसरी पायरी: वर्षाचं आणि दिवसाचं वेळापत्रक

सडा पावसाळ्यात जागा होतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर कंद फुटतात, रत्नागिरी भागातली दिपकाडी याच सुमारास फुलते. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, कवला यांचे गालिचे दिसतात. ऑक्टोबरात सगळं वाळायला लागतं. म्हणून सड्यावर जून अखेर, जुलै अखेर, ऑगस्ट अखेर आणि सप्टेंबर अखेर, अशा किमान चार फेऱ्या ठेवा. एकाच फेरीत पाहिलं तर अर्ध्या जाती हुकतात.

खडपाचं उलट आहे. पावसाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर लाटा जीवघेण्या असतात, तेव्हा तिथे जाऊच नका. ऑक्टोबर ते मे हा काळ धरा आणि दर महिन्याला एक फेरी. कांदळवन आणि खाडीचं पाणी बाराही महिने पाहता येतं, फक्त जोराच्या पावसात आणि उधाणात टाळा.

आता भरती-सुकती. किनाऱ्यावरच्या कामाचा हाच खरा मालक. आपल्याकडे दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो, नियोजन त्यावरूनच करा. तोंडी हिशेबासाठी किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, द्वितीयेला दीड. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

यातून कामाची सोय अशी निघते: उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान येते. हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो, म्हणून द्वितीया-तृतीया निवडा. तेव्हा ओहोटी पावणेआठ-साडेआठला लागते, उजेड असतो आणि पाणीही खोल उतरलेलं असतं. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेव्हा कोष्टकात उंचीचा आकडा पाहूनच दिवस पक्का करा. भरती-ओहोटीतला फरक मुंबईकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होत जातो. मोठ्या उधाणात मुंबईला तो साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो, तर गोव्याला दोन मीटरांच्या आसपास राहतो. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याला उघडी पडणारी पट्टी अरुंद असते आणि तिथे वेळ आणखी जपून वापरावा लागतो.

लाटांचा अंदाज वेगळा पाहायचा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनारपट्टीसाठी लाटांची उंची आणि लांबून येणाऱ्या फुगाऱ्याचा अंदाज रोज देते. आकाश निरभ्र असलं तरी लांबच्या वादळाची लाट किनाऱ्यावर येऊ शकते. इशारा असेल तर त्या दिवशी फेरी रद्द.

चौथी पायरी: रेघ आणि चौकट

गावाच्या नकाशावर सड्याच्या माथ्यापासून ओहोटीच्या रेषेपर्यंत एक रेघ आखा. या रेघेवर तीन ठाणी निवडा: सडा, कांदळवन, खडप. प्रत्येक ठाण्यावर तीन जागा, एकमेकींपासून पुरेशा लांब. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकाच खडकावर दहा चौकटी टाकल्या म्हणजे दहा जागा मोजल्या असं होत नाही. ती एकच जागा, दहा वेळा पाहिलेली. ‘पऱ्याजवळ कालवं कमी’ असं म्हणायचं तर पऱ्याजवळच्या निदान तीन वेगळ्या खडकांवर आणि लांबच्या तीन वेगळ्या खडकांवर मोजणी हवी. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सगळ्यात जास्त घसरण इथे होते आणि नंतर कोणतंही सूत्र ती भरून काढत नाही.

चौकट घरी बनवा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि चार कोपरे घेऊन आतून ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट करा. पाइपला भोकं पाडून ठेवा म्हणजे पाणी आत शिरेल आणि ती तरंगणार नाही. दर १० सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी आडवी-उभी ओवा. पंचवीस घरं तयार होतात, प्रत्येक घर म्हणजे ४ टक्के. एखाद्या जातीने एकूण सात घरांइतकी जागा व्यापली असेल तर आच्छादन २८ टक्के. दोघांनी स्वतंत्रपणे अंदाज घ्यायचा आणि मग जुळवायचं. पहिले काही दिवस फरक मोठा पडेल, तो कमी होईपर्यंत सराव करा आणि मगच खरी मोजणी सुरू करा. सड्यासाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट वेगळी करा.

चौकट कुठे टाकायची हे घरून ठरवून निघा. टेपवरचे आकडे चिठ्ठ्या टाकून किंवा मोबाइलवरून यादृच्छिक पद्धतीने काढा आणि वहीत लिहून ठेवा. जागेवर गेलं की नजर फुलांच्या ताटव्याकडे आणि भरलेल्या खडकाकडे जाते, हात तिथेच चौकट ठेवतो आणि निकाल फुगतो. उघड्या खडकावर चौकट पडली आणि आत काहीच नसेल तर ‘काही नाही’ असं लिहा. ते शून्य फार मोलाचं आहे. ‘शोधलं, सापडलं नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या वहीत वेगळ्याच दिसायला हव्यात.

चौकटी किती? प्रत्येक नव्या चौकटीबरोबर आजवर सापडलेल्या एकूण जातींचा आकडा मांडत जा. रेषा सुरुवातीला भराभर चढते, मग सपाट व्हायला लागते. सपाट होते तिथे थोडं पुढे जाऊन थांबा.

सड्यावर

सडा एकसारखा नाही. उघडा कातळ, भेगा, मातीचा पातळ थर साचलेले खळगे, पावसाळी डबकी आणि सुटे दगड, असे त्याचे निदान पाच प्रकार पडतात. प्रत्येक प्रकारात वेगळ्या चौकटी टाका. मातीचा थर किती जाड आहे ते लोखंडी सळी टोचून मोजा. दोन सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर यांत वनस्पतींचा अख्खा नूर बदलतो. इथल्या मातीत पोषक द्रव्यं कमी, म्हणूनच सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या कीटक पकडणाऱ्या वनस्पती इथे दिसतात. त्यांची छोटी रोपं पायाखाली येतात. चालायची एक वाट ठरवा आणि सगळ्यांनी तिच्यावरूनच जा.

डबक्यांचं पाणी, तापमान आणि खोली दर फेरीत मोजा. डबकं कोणत्या आठवड्यात भरलं आणि कोणत्या आठवड्यात आटलं ही एकच नोंद वर्षानुवर्षं ठेवली तरी ती मोठं काम करेल, कारण बेडकांची पिल्लं आणि पाण्यातले बारीक कवचधारी जीव यांचं सगळं आयुष्य या दोन तारखांमध्ये बसतं.

कातळशिल्पं दिसली तर त्यांवर चौकट, सळी, खडू, पाणी काहीही नको. कडेने जा आणि जागा नोंदवा.

सुरक्षेबद्दल इथे जरा थांबून सांगतो. कातळाच्या भेगांत आणि सुट्या दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो. रंग जमिनीसारखा, आकार लहान, त्यामुळे ते दिसत नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, दगड हाताने नाही तर काठीने आणि आपल्यापासून लांबच्या बाजूने उचला. लाल विंचूही तिथेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच पट्ट्यातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर काम करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे ठेवला. तेव्हा दंश झाला तर उपाय आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. सापाचा दंश असेल तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांपैकी काही करू नका. अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात न्या. निघण्यापूर्वी सर्पदंशाची लस कोणत्या आरोग्य केंद्रात आहे हे फोन करून विचारा आणि तो क्रमांक, १०८ बरोबर, प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या दुपारी सड्यावर थांबू नका. उघड्या माथ्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता आणि वीज तुम्हालाच शोधते.

कांदळवनात

इथे दहा मीटर बाय दहा मीटरचा चौरस दोरीने आखा. आतलं प्रत्येक झाड मोजा: जात, घेर, अंदाजे उंची. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा. पण कांदळाला आधारमुळांचा पसारा असतो, तिथे सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर टेप लावा आणि तसं लिहा. रोपं वेगळी मोजा, चौरसाच्या कोपऱ्यात एक मीटरची चौकट टाकून. मोठी झाडं भरपूर आणि रोपं नाहीत, असं दिसलं तर वरून हिरव्या दिसणाऱ्या वनाला भविष्य नाही. उपग्रहाच्या चित्रात हे कळत नाही, त्यासाठी चिखलात उतरावं लागतं.

तिवर, चिप्पी आणि कांदळ ही तीन ओळखून सुरुवात करा. तिवराच्या पेन्सिलीसारख्या बारीक श्वसनमुळ्या आणि चिप्पीच्या जाड, शंकूसारख्या मुळ्या यांत फरक सहज कळतो. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. गेवा या कांदळवनातल्या झाडाच्या चिकापासून जपा. डोळ्यांत गेला तर तात्पुरतं आंधळेपण येऊ शकतं, म्हणून फांदी मोडू नका आणि चिखलाचे हात डोळ्यांना लावू नका.

पाण्याचा खारटपणा मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. मोकळ्या समुद्राचं पाणी साधारण हजारी ३५ भाग क्षाराचं असतं. पावसाळ्यात खाडीत हा आकडा खाली कोसळतो आणि मग हळूहळू चढतो. नेहमी एकाच ठिकाणी, भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजा, नाहीतर तुम्ही ऋतू मोजत नाही, भरती मोजता. पावसाळ्यात जखम असलेल्या पायाने चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना सांगा की तुम्ही चिखलपाण्यात काम करत होता.

खडपात

ओहोटीच्या वेळेआधी दोन तास पोचा. भरतीच्या खुणेपासून सुरुवात करा आणि पाणी उतरेल तसं त्याच्या मागे मागे खाली जा. पूर्ण ओहोटीला तुम्ही सगळ्यात खालच्या चौकटीवर असायला हवं. पाणी वळल्यावर अर्ध्या तासात परत. एक जण फक्त समुद्राकडे बघत उभा राहील, त्याच्या हातात वही नको. समुद्राकडे पाठ करून कोणी बसायचं नाही.

टेप पाण्याच्या रेषेला काटकोनात टाका. वरून खाली जाताना पट्टे दिसतील. सगळ्यात वर भेगांत बसलेल्या बारीक गोगलगायी, ज्यांना फक्त तुषार मिळतात. मग बार्नेकलचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी जीवांचा, खडबडीत पांढुरका पट्टा. त्याखाली कालवं आणि खडकाला टोपीसारखी चिकटलेली लिंपेट नावाची गोगलगाय. आणखी खाली झोअँथस या मऊ समुद्री जीवाचे हिरवट गालिचे, स्पंज, फुलासारखे समुद्री अनिमोन, आणि ओहोटीच्या तळाशी सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळं. वरची सीमा बऱ्याच वेळा उन्हाने आणि कोरडेपणाने ठरते, खालची सीमा शेजाऱ्यांशी होणाऱ्या जागेच्या झगड्याने आणि भक्षकांनी. म्हणून पट्ट्यांच्या सीमा नोंदवणं हे नुसत्या याद्या करण्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातं. उन्हाळे कडक होत गेले तर वरची सीमा खाली सरकेल, पण ते कळायला आजची सीमा कुठे आहे हे सेंटिमीटरमध्ये माहीत हवं.

ती उंची मोजायला दोन काठ्या आणि क्षितिज पुरतं. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या, प्रत्येकीवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा आणि दोन्हींच्या मध्ये ठरावीक लांबीची, म्हणजे दोन मीटरची, दोरी बांधा. एक काठी वर, दुसरी समुद्राकडे, दोन्ही सरळ उभ्या. वरच्या काठीशी उभं राहून डोळा असा वर-खाली करा की खालच्या काठीचा शेंडा आणि क्षितिज एका रेषेत येतील. तुमची नजर वरच्या काठीला जिथे छेदते, तिथली वरून मोजलेली खूण म्हणजे या दोन मीटरांतला उतार. मग वरची काठी खालच्या काठीच्या जागी आणा आणि पुढे जा. पाण्याच्या कडेला पोचलात की घड्याळ पाहा. त्या मिनिटाची पाण्याची उंची कोष्टकावरून काढली की प्रत्येक चौकटीची समुद्राच्या पातळीवरची उंची मिळते. शांत समुद्र असेल त्याच दिवशी हे करा.

चौकटीत गर्दीने राहणारे जीव टक्क्यांत मोजा आणि सुटे हिंडणारे आकड्यांत. बार्नेकल फार दाट असतील तर १० सेंटिमीटरचं एकच घर मोजा. त्यात ४३ सापडले तर चौरस मीटरला ४,३०० झाले. अशी तीन घरं मोजून सरासरी घेतली तर आकडा अधिक भरवशाचा. चौकटीचा फोटो बरोबर वरून, सावली न पाडता, बाजूला जागेचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी ठेवून घ्या.

दगड उलटला तर हळूच, आणि पाहून झालं की होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात आणि वरच्या बाजूची शेवाळं अंधारात. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख उचलू नका, कोन गोगलगायीचा डंख माणसाला मारू शकतो. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकून जाईल. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि दवाखाना गाठा.

होडी, रापण आणि रात्रीचा किनारा

सुकतीच्या पलीकडच्या समुद्रासाठी पाणबुडे आणि जहाजं लागतात. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या बुडालेल्या पठाराचा अभ्यास आपल्या आवाक्यातला नाही. पण समुद्र रोज किनाऱ्यावर येतो, रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यात. रापण ओढणाऱ्यांची परवानगी घेऊन जाळ्यात आलेल्या जाती, त्यांची लांबी, जाळं टाकल्याची वेळ, आसाचं (जाळ्याच्या घराचं) माप आणि किती माणसांनी ओढलं हे नोंदवा. माशांची गावठी नावं आधी लिहा, शास्त्रीय नाव नंतर शोधा. विकायला निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या जीवांची नोंद तर आवर्जून ठेवा, कारण बाजाराच्या आकडेवारीत ते कधीच येत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ही बंदी सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे आठवडे तुलनेसाठी उत्तम.

पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम रुजवलं आणि आता अनेक गावांत कासवमित्र आहेत. या कामात स्वतंत्रपणे उतरू नका, त्यांच्याबरोबर जा. पांढरी विजेरी नको, आवाज नको. तुम्ही भर घालू शकता ती वाळूच्या तापमानाची: घरट्याच्या खोलीवर तापमापक ठेवून ऋतूभर नोंद. पिल्लू नर की मादी हे अंडं उबताना वाळू किती तापली यावर ठरतं आणि वाळू जितकी गरम तितक्या माद्या अधिक.

वही, आणि वहीनंतर

शिसपेन्सिल वापरा, शाई ओलीत पसरते. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागेचा क्रमांक, मोजणाऱ्यांची नावं, हवा, भरतीची स्थिती. जीपीएसचे आकडे दशांश अंशांत, पाच घरांपर्यंत, आणि सोबत यंत्राने दाखवलेली अचूकता. झाडाखाली किंवा कड्यालगत ती दहा-पंधरा मीटरांनी चुकते, म्हणून न हलणाऱ्या खुणेपासूनचं अंतर आणि दिशाही लिहा. खोडायचं असेल तर एक रेघ मारा, रबर नको. जात ओळखता आली नाही तर ‘अनोळखी, क्रमांक ७’ असं लिहून फोटो जोडा. अंदाजाने नाव दिलेली नोंद पुढच्या माणसाची फसवणूक करते.

त्याच दिवशी रात्री पानांचे फोटो काढा आणि तक्त्यात भरा. एका ओळीत एका चौकटीतली एकच जात. मूळ तक्त्याला नंतर हात लावायचा नाही, दुरुस्त्या त्याच्या प्रतीत करायच्या आणि कारण लिहायचं. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर. ओळख पटलेल्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर घाला, पण कासवांची घरटी, दुर्मीळ कंद, ऑर्किड यांची नेमकी जागा झाकून ठेवा, कारण चोर तीच पानं वाचतात.

वर्ष संपलं की मराठीत चार पानांचा अहवाल करा: रेघेचा नकाशा, तीन ठाण्यांचे आकडे, फोटो आणि गावठी नावांची यादी. तो ग्रामसभेत वाचून दाखवा आणि जैवविविधता समितीला लोक जैवविविधता नोंदवहीत जोडायला द्या. कच्च्या वह्यांची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा. सोबत एक पान, ज्यावर चौकटीचं माप, काठ्यांची लांबी, जागांच्या खुणा आणि मोजण्याची पद्धत इतकी स्पष्ट असेल की तुम्हाला कधीही न भेटलेला विद्यार्थी पुढच्या द्वितीयेच्या सुकतीला फक्त ते पान वाचून तीच चौकट त्याच खडकावर ठेवू शकेल. हे पान आधी गावातल्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या, स्वतः काही न सांगता त्यांना जागा शोधू द्या, आणि जिथे ते अडखळतील ती ओळ पुन्हा लिहा.